आमच्या गावाचा नकाशा

गुरुजींनी सांगितले, प्रत्येकाने आपल्या गावाचा नकाशा काढून आणा. मला वाटले, सोपे आहे. आमचे गाव पळसदेव, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. पुणे-सोलापूर महामार्ग गावावरून जातो. एकीकडे भिगवण, दुसरीकडे इंदापूर. उत्तरेला उजनीचे पाणी, आणि पाण्यापलीकडे करमाळा तालुका, म्हणजे सोलापूर जिल्हा लागला. मी शाळा काढली, पळसनाथाचे नवे देऊळ काढले, आमचे घर जरा मोठेच काढले. मग कागद आबांना दाखवला.

आबा म्हणाले, "समदं बराबर हाय. पर गाव कुठाय ह्यात?"

आबांचे गाव म्हणजे जुने पळसदेव. भीमा नदीवर उजनी धरण 1980 साली पुरे झाले. त्याच्या पाण्यात ते गाव बुडाले. नवे गाव अलीकडे वसले. तेव्हा आबा माझ्याएवढे होते.

धरणात 117 टीएमसी पाणी मावते. त्यातले 63 टीएमसी मृतसाठा आहे. पाणी त्याच्याही खाली गेले की 'धरण उणे गेले' म्हणतात. गणितात आम्हाला उणे संख्या अजून आल्या नाहीत, पण गावात लहान पोरांनाही त्या ठाऊक आहेत.

2024 च्या उन्हाळ्यात धरण फार उणे गेले. पळसनाथाचे जुने दगडी देऊळ उघडे पडले. लांबून माणसे बघायला आली. आम्हीही गेलो. माणसे देवळाचे फोटो काढत होती, पण आबा देवळाकडे पाठ करून पावले मोजू लागले. वाळलेल्या गाळाला भेगा होत्या. एका जोत्यापाशी आबा थांबले. म्हणाले, "हे आपलं घर." थोडे पुढे गेले. तिथेही तसेच जोते. आबा परत फिरले. दोन्हीकडे चारदा गेले. मग मधल्या दगडावर बसले. मी विचारले, "आबा, कोणतं?" ते काही बोलले नाहीत. मला भूक लागली होती, पण मी सांगितले नाही.

आता नकाशात मी निळ्या रंगाखाली पेन्सिलीने टिंबटिंब करून जुने गाव दाखवले आहे. देऊळ पक्के काढले आहे. घरे मात्र दोन काढून दोन्हींवर प्रश्नचिन्ह केले आहे. नकाशा शेजारीच लावला आहे. पालकांपैकी कोणी जुन्या गावात राहिले असेल तर त्यांनी तो नीट बघावा आणि चुकले असेल तर मला सांगावे.