कुठे जायचंय?

लोकलमध्ये तोंड न उघडता जन्म काढता येतो. पास खिशात, डबा ठरलेला, फलाट कुठल्या बाजूला येणार तेही पाठ. बेस्टच्या बसला असा मुका उतारू चालत नाही. सुरुवात स्टॉपवरच होते. "ही दादरला जाते का हो?" बसच्या कपाळावरचा नंबर देवनागरीत, लांबून १ आणि ९ सारखेच दिसतात, आणि मुंबईत नव्यानं आलेल्याला दोन्ही अनोळखी. तो शेजारच्याला विचारतो, शेजारचा डोळे बारीक करतो, तोवर बस पुढ्यात. असं विचारत विचारतच कितीतरी परप्रांतीय माणसं मराठी आकडे शिकली असतील. १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईतली पहिली मोटारबस सुटली, तेव्हाही पायरीवर एक पाय ठेवून कुणीतरी विचारलंच असणार.

आत शिरलं की विचारायची पाळी कंडक्टरची. पूर्वी त्याच्यापाशी तिकिटांची पेटी असायची आणि पंचची टिकटिक त्याच्या आधी आपल्यापर्यंत पोचायची. आता मशीन आहे. मोबाइलवर तिकीट काढणाऱ्यांना तर काही बोलावंच लागत नाही. त्यांचा मला हेवा वाटत नाही. आपण कुठे निघालो ते चारचौघांत मोठ्यानं सांगायचं, यातच बसची गंमत आहे. व्हीटीचं नाव १९९६मध्ये बदललं, २०१७मध्ये त्यात 'महाराज' आलं. एखादे आजोबा अजून "एक बोरीबंदर" म्हणतात. कंडक्टर त्यांना सुधारत नाही, तिकीट देतो.

काही नावांनी मात्र बसचा नूर बदलतो. दादरहून आंबेडकर रोडनं निघालेल्या बसमध्ये मागून आवाज येतो, "दोन टाटा." हातात फायलींची पिशवी, शेजारी मास्क लावलेली, डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली बाई. टाटा म्हणजे परळचं कॅन्सरचं हॉस्पिटल, हे या बसमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. खिडकीपाशी बसलेली मुलगी काही न बोलता उठते. इतका वेळ सुट्ट्यांवरून सगळ्यांवर डाफरणारा कंडक्टर त्यांची मोठी नोट निमूटपणे मोडून देतो. उतरायची वेळ आली की पुढे ओरडतो, "पेशंट आहे, थांब जरा," आणि त्यांचे पाय जमिनीला नीट टेकेपर्यंत डबल बेल देत नाही. कुठून आलात, काय झालंय, हे कुणी विचारत नाही. एरवी या बसमध्ये कुणीही कुणाला काहीही विचारतं.

परळ मागे पडेपर्यंत बस गप्पच असते. मग एक गृहस्थ विचारतात, "चिवडा गल्लीला कुठे उतरू?"

"भारतमाताला उतरा."

"छे, लालबाग! भारतमाताहून उगाच चालावं लागेल."

"त्यांना चालायला काय झालंय?"

"अहो, येताना हातात चिवडा असणार!"

ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरच्या मावशी वळून सांगतात की चिवडा घ्यायचाच तर सकाळी यायला हवं होतं. गृहस्थ काकुळतीला येऊन म्हणतात, "मास्तर, तुम्हीच सांगा."

"कुठेही उतरा," मास्तर म्हणतात, "पण आधी दारातून बाजूला व्हा."