न मिटणाऱ्या पापणीस

प्रिय पापणी,

तुला उघडणारी नस वेगळी आणि मिटवणारी वेगळी. चेहऱ्याला पक्षाघात झालेल्या कुत्र्या-मांजरांत मेंदूतून निघणारी सातवी नस, म्हणजे तुला मिटवणारी, बंद पडते. उघडणारी तिसरी शाबूत असते. मग तू दिवसरात्र उघडीच. ओठ लोंबतो, लाळ गळते, घास सांडतो, आणि घरच्यांचं सगळं लक्ष तिकडेच जातं. खरा धोका तुझ्यामागे असतो, म्हणून हे पत्र तुला.

तुझ्यामागचा कॉर्निया जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. प्रत्येक उघडझापीत तू त्यावर अश्रू पसरतेस. ते थांबलं की मधला भाग सुकतो, अल्सर होतो, डोळ्यात फूल पडतं. दुर्लक्ष झालं तर कॉर्नियाला भोकही पडतं. अश्रुग्रंथीकडे जाणारे तंतू काही अंतर याच नसेसोबत जातात. तेही निकामी झाले, तर डोळ्यात पसरवायला पाणीच उरत नाही. म्हणून अश्रू मोजणारी शिर्मरची कागदी पट्टी लावायलाच हवी: कुत्र्याच्या डोळ्यात ती मिनिटाला 15 मिलिमीटर भिजली तर ठीक, 10 च्या खाली राहिली तर चिंता.

लांब तोंडाच्या कुत्र्याला निसर्गाने एक आधार दिला आहे. डोळा आत ओढला की तिसरी पापणी पुढे सरकते आणि कॉर्निया पुसून घेते. अशी कित्येक कुत्री वंगणाच्या थेंबांवर निभावतात. पग आणि शिह त्झूचे डोळे मात्र उथळ खोबणीतून बाहेर आलेले. त्यांना हा आधार अपुरा पडतो. हच या मोबाइल कंपनीच्या 2003 च्या जाहिरातीनंतर पग आपल्याकडे घरोघरी लाडका झाला. त्याला चेहऱ्याचा पक्षाघात झाला, तर थेंबांच्या भरवशावर फार दिवस काढू नयेत.

तिथे तुला टाके घालावे लागतात. नस परतण्याची आशा असेल तर तात्पुरते. सुई तुझ्या अर्ध्याच जाडीतून काढायची, कारण दोरा आतल्या बाजूला आला तर तोच कॉर्नियाला घासतो. थोडी फट ठेवायची, म्हणजे औषध घालता येतं आणि अल्सरवर नजर राहते. तिसरी पापणी पूर्ण ओढून शिवली की डोळा झाकला जातो, पण आत काय बिघडतंय ते दिसत नाही. नस परतणार नाही असं दिसलं, तर बाहेरच्या किंवा नाकाकडच्या कोपऱ्यातली तुझी कड खरवडून वरची-खालची बाजू कायमची जोडतात. खालची बाजू लोंबत असेल, तर तिचा पाचरीसारखा तुकडा काढून ती ताणून घेतात.

यावर पालक म्हणतात, "डॉक्टर, डोळा बारीक दिसेल हो." दिसेल. पण कुत्रा आरशात पाहून खंतावत नाही. त्याला जिना दिसायला हवा, ताटली दिसायला हवी, दारात आलेलं आपलं माणूस दिसायला हवं. डोळ्याची फट थोडी आखूड करून नजर टिकत असेल, तर हा सौदा त्याच्या पूर्ण फायद्याचा आहे.

कारणही शोधायला हवं. ही नस मधल्या कानाला लागून जाते, त्यामुळे तिथला संसर्ग तिला बाधतो. कानाची नळी काढण्याच्या शस्त्रक्रियेतही तिला इजा होऊ शकते. थायरॉइडची कमतरता तपासावी. पुष्कळदा, विशेषतः कॉकर स्पॅनियलमध्ये, कारण सापडतच नाही. नस परतायला आठवडे, महिने लागतात. काहींची परततच नाही. कॉर्निया मात्र तेवढा थांबत नाही.

म्हणून पालकांना माझं कळकळीचं सांगणं: तोंड वाकडं दिसलं की त्याच दिवशी डोळा दाखवा. घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब मनाने घालू नका. अल्सरवर ते घातक ठरतात. आणि डॉक्टरांनी टाके सुचवले, तर दिसण्यापायी ते पुढे ढकलू नका.

तुझी,
एक प्राणिप्रेमी