रंग चुकलेली कांचपट्टी

आमची पुतणी येथील एका महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. छत्रपति संभाजीनगर हें आतां आमच्या शहराचें नांव; तें औरंगाबाद असतां येथेंच आम्हीं पदवी घेतली. त्या काळीं परदेशीं छापलेल्या चांगल्या ग्रंथाची ग्रंथालयांत एकच प्रत असे, आणि ती हातीं येईपर्यंत परीक्षा जवळ येऊन ठेपे. या मुलीच्या मुठींत मात्र सारें ग्रंथालय आहे. केंद्र सरकारनें २०१७ सालीं सुरू केलेल्या ‘स्वयम्’वर नामांकित अध्यापकांचीं व्याख्यानें विनामूल्य ऐकावीं, आभासी प्रयोगशाळेंत बोटाच्या स्पर्शानें प्रयोग करावा, इंग्रजी ग्रंथांतलें अवघड प्रकरण कोणी मराठींत समजावून सांगितलें असेल, तर तें दोनदां ऐकावें.

एके रात्रीं तिनें आम्हांस लेव्हेनहूक या डच कापडव्यापाऱ्याचें पत्र दाखविलें. पाण्यांत दिसलेल्या चिमुकल्या जीवांचें वर्णन त्यानें १६७६ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहून धाडलें होतें. त्यास मातृभाषेखेरीज दुसरी भाषा येत नसे. पत्रांचें भाषांतर इतरांस करावें लागे. आम्ही पडलों वाङ्मयाचे विद्यार्थी. तरी पत्र संपेपर्यंत निजलों नाहीं.

हें वैभव पाहून आम्हांस हेवा वाटला, हें कबूल केलें पाहिजे. हेवा लपवावयाचा तर उपदेश करावा, ही वडीलधाऱ्यांची जुनी युक्ति. ‘फोनवर शिकून कोणी शास्त्रज्ञ होतें काय?’ असें आम्ही येतांजातां म्हणूं लागलों. ती हसे आणि कानांत इअरफोन घाली.

पण एके दिवशीं ती घरीं आली ती जेवलीच नाहीं. ग्रॅमच्या अभिरंजनाचा प्रयोग फसला होता. हान्स क्रिस्तियान ग्रॅम या डॅनिश वैद्यानें १८८४ सालीं प्रसिद्ध केलेली ही रीत ऐकावयास सोपी आहे. कांचपट्टीवर जंतूंचा पातळ लेप देऊन तो ज्योतीवर पक्का करावा; त्यावर जांभळा रंग, मग आयोडीन, मग मद्यार्कानें धुणें, आणि शेवटीं तांबडा रंग. ज्यांची भिंत जाड ते जंतु जांभळे राहतात, बाकीचे गुलाबी दिसतात. हिनें ही क्रिया पडद्यावर किती तरी वेळां पाहिली होती, क्रम तोंडपाठ होता. तरी जांभळे दिसावयाचे ते जंतु गुलाबी निघाले. ‘काका, माझ्या हातालाच हें शास्त्र नाहीं. मी विषय सोडतें,’ ती म्हणाली.

आमचा उपदेश खरा ठरण्याची ती वेळ होती. पण तिचा चेहरा पाहून तो ओठांवर येईना. ‘चुकलें कोठें?’ एवढेंच आम्हीं विचारलें. तिला तें सांगतां येईना, कारण तिनें पाहिलेल्या एकाही चित्रफितींत रंग चुकला नव्हता.

त्या रात्रीं ती पुन्हां फोन घेऊन बसली. पण या खेपेस ती शोधीत होती चुका. मद्यार्क थोडा अधिक वेळ राहिला तर जाड भिंतीच्या जंतूंतूनही जांभळा रंग धुऊन जातो. जंतूंची वाढ जुनी झाली असेल तरी तसेंच होतें. आपली रीत सदोष व अपुरी आहे, असें खुद्द ग्रॅमनेंच लिहून ठेवलें आहे, हेंही तिला सांपडलें. तें वाचून ती हसली, आणि मग जेवली.

आमच्या शहरांत पाणचक्की आहे. दूरच्या डोंगरांतलें पाणी जमिनीखालच्या नळांतून येऊन तिचें जातें फिरवी. पाणी किती का येईना, जात्यांत दाणे घालावे लागत ते माणसाच्याच हातानें. बिघडलेली कांचपट्टी हे या मुलीचे दाणे होते. ते घातल्यावर त्याच फोननें तिला एका रात्रींत जें दिलें, तें आमच्या एकुलत्या प्रतीनें आम्हांस कधीं दिलें नव्हतें.

पुढचे दोन प्रयत्नही फसले; तिसऱ्या वेळीं जंतु जांभळे दिसले. विषय सोडण्याची गोष्ट ती आतां काढीत नाहीं. आम्हीं उपदेश सोडला आहे. हल्लीं रात्रीं तिच्या शेजारीं बसून लेव्हेनहूकचीं उरलेलीं पत्रें वाचतों.