आत्याचा चष्मा

१९८२च्या जानेवारीत दादांनी मला आणि धाकट्या बहिणीला लालबागहून वाईला आत्याकडे आणून सोडलं, तेव्हा पिशवीत महिनाभर पुरतील एवढेच कपडे होते. दादा गिरणी कामगार, आणि १८ तारखेला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला होता. महिना, फार तर दीड, असं चाळीत जो तो सांगत होता. कामगार नेते दत्ता सामंत पुढे आणि अडीच लाख कामगार मागे. मालक किती दिवस दम धरणार? आई चार घरची पोळीभाजी करायला मुंबईतच राहिली. दादा त्याच दिवशी परतीच्या एसटीत बसले. जाताना एवढंच म्हणाले, "अक्का, महिनाभर पोरांना सांभाळ."

आत्या विधवा. मधल्या आळीत एका वाड्याच्या मागच्या अंगाला तिच्या दोन खोल्या होत्या. लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून ती पोट भरायची. सासरहून ज्वारीचं एखादं पोतं यायचं, तेवढाच आधार.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिनं भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, जानेवारीचं पान उलटं केलं आणि मागं कोऱ्या जागेत पेन्सिलीनं मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं ‘लागतंच’, उजवीकडे ‘पुढं बघू’. डावीकडे ज्वारी, हुलगे, मीठ, मिरची, गोडं तेल, पोरांचं दूध, वह्या. उजवीकडे गहू, साखर, चहाचं दूध, अंगाचा साबण, स्टोव्हचं रॉकेल. सगळ्यात खाली, जरा बारीक अक्षरात, ‘चष्मा’.

"एवढा महिना काढू. मग हायच की सगळं," ती म्हणाली.

महिना सुरू झाला. सकाळी गुळाचा कोरा चहा, दुपारी भाकरी आणि कोरड्यास, रात्री हुलग्याचं माडगं. पिठलं झालं की आम्हाला सण वाटायचा. जळण म्हणजे शेणी आणि शाळेतून येताना आम्ही गोळा केलेल्या काटक्या. कपड्यांच्या वडीचाच तुकडा अंगाला. बाजारला ती दिवेलागणीला निघायची. बाजार उठताना भाजीचे दोन वाटे एकाच्या पैशात मिळतात. करमणुकीला पैसे लागतात हे आम्हाला वाईत कधी कळलंच नाही. ढोल्या गणपतीच्या घाटावर दिवसभर पाण्यात डुंबायचं, आणि टिळक ग्रंथसंग्रहालयात जाऊन पेपरात संपाची बातमी शोधायची.

माघात कृष्णाबाईचा उत्सव लागला. एकेका घाटावर पाळीपाळीनं देवी बसते, प्रसादाच्या पंगती उठतात. आम्हाला वाटलं, आता मजा. पण आत्यानं अट घातली: फुकट जेवायचं नाही. आदल्या दिवशी ती तांदूळ निवडायला बसायची आणि आम्हाला खरकटी पानं उचलायला लावायची. मगच आम्ही पंगतीला.

एका गोष्टीत मात्र तिनं काटछाट केली नाही. फळीवर एका डबीत वाटीभर साखर असायची, ती पाहुण्याची. दारात आलेल्याला गुळाचा कोरा चहा दिला असं तिच्या घरात कधी झालं नाही. त्या डबीला आम्ही हात लावायचा नाही, आणि ती स्वतःही लावत नसे.

माझ्याकडे एक काम होतं. रोज सकाळी शाळेला जायच्या आधी दहा सुयांत दोरा ओवून द्यायचा. आत्या त्या सुया चिंधीच्या गुंडाळीत ओळीनं टोचून ठेवायची आणि दिवसभर एकेक उपसत वाकळ शिवायची. "डोळं तुझं, हात माझं," म्हणायची. मला तो खेळ वाटायचा. दादांचं कार्ड आलं तरी तेच: "वाच रं, तुझ्या तोंडनं गोड लागतं."

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. संप काही मिटेना. दर महिन्याला पान उलटलं जायचं, रेघ मारली जायची, यादी नव्यानं लिहिली जायची. पावसाळ्यात वाकळांचं काम वाढलं तशी साखर उजवीकडून डावीकडे आली. मागोमाग साबण आला, रॉकेल आलं. ‘चष्मा’ तेवढा महिन्यामागून महिने उजवीकडेच राहिला. मला वाटायचं, दादांचा असेल.

दिवाळीला आई आली. आत्या तिच्यासाठी तांदूळ निवडत होती. खडा बोटाला लागेल तसा चाचपून बाजूला काढत होती. आई बघत राहिली.

"वन्सं, चष्मा कुठाय? डॉक्टरनं नंबर काढून दिला म्हणाला होता. पैसं बी साठवलं होतं न्हवं?"

"साठवलं होतं की."

"मग?"

आत्यानं मान वर केली नाही. "पोरांच्या पोटात हायती," ती म्हणाली आणि सूप पाखडलं.

तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. दादांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. पुढे त्यांना एका गोदामावर रखवालदाराचं काम मिळालं आणि पहिल्या पगारातून, १९८३च्या संक्रांतीला, आत्याला चष्मा आला. तो लावून तिनं आधी काय केलं, तर मी ओवलेल्या सुया बघितल्या. "दोरा दुहेरी घालत होतास व्हय रं! उगा जास्त गेला," म्हणाली.

ते वर्ष मी तिला परत देऊ शकलो नाही. नंतर लुगडी नेली, आजारपणं काढली. पण ते सगळं वरवरचं व्याज. मुद्दल तसंच आहे.

आता आमच्याही घरात अधूनमधून हात आखडायचा महिना येतो. हप्ते, फी, दवाखाना. रात्री बायको कागद घेऊन बसते, मधोमध रेघ मारते. तेव्हा मी तिच्या हातून कागद घेतो आणि उजवीकडची बाजू खालून वर वाचतो. घर गरजेपुरतं चालवायचं म्हटलं की यादी लिहिणारं माणूस आपली गरज सगळ्यात खाली, बारीक अक्षरात लिहितं. तुमच्या घरात ती यादी कोण लिहितं, ते आठवा. आणि शेवटची ओळ आधी वाचा.