वाळूतली वाट, डकारची शर्यत

रस्ता चुकणे ही कुणालाच न आवडणारी गोष्ट. पण थिएरी साबीन नावाच्या फ्रेंच तरुणाच्या चुकलेल्या रस्त्यातून जगातली एक महाकठीण मोटारशर्यत जन्माला आली. १९७७ मध्ये आबिदजान ते नीस या शर्यतीत मोटारसायकल चालवताना तो सहारा वाळवंटात भरकटला. जिकडे पाहावे तिकडे वाळू! शोधपथकाला तो सापडला, तेव्हा मृत्यूच्या दारातूनच परतला म्हणायचे. दुसऱ्या कुणी पुन्हा वाळवंटाचे नाव काढले नसते. साबीनला मात्र त्या वाळूने वेड लावले.

२६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसच्या आयफेल टॉवरसमोरून १८२ वाहने निघाली. भूमध्य समुद्र बोटीने ओलांडून, अल्जीरिया, नायजर, मालीमार्गे सेनेगलची राजधानी डकार गाठायची. अंतर सुमारे १०,००० किलोमीटर. पोहोचली अवघी ७४. मोटारी, ट्रक अशा साऱ्यांना मागे टाकून पहिला आला यामाहा मोटारसायकलवरचा सिरिल नेव्हू.

या शर्यतीत नुसता वेग कामाचा नाही. चालकाशेजारी वाट सांगणारा साथीदार बसतो. मोटारसायकलस्वाराला तेही सुख नाही! इतक्या किलोमीटरवर वळा, पुढे खड्डा आहे, अशा खुणांच्या आधारे वाट काढायची. वाळू मऊ लागली की टायरमधली हवा कमी करायची. दुपारी ऊन डोक्यावर आले की सावल्या नाहीशा होतात आणि टेकडीपलीकडचा उतार दिसत नाही. गाडी उलटते ती बहुधा तिथेच.

१९८२ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क असाच सहा दिवस बेपत्ता झाला. अखेर अल्जीरियाच्या लष्करी विमानाला त्याची गाडी दिसली. १९८८ चा किस्सा तर चित्रपटात शोभावा. आघाडीवर असलेल्या आरी वातानेनची प्यूजो गाडी मालीतल्या बामाकोमध्ये चक्क चोरीला गेली! काही तासांनी सापडली, पण तोवर शर्यत हातची गेली होती. २००१ मध्ये पजेरो चालवणाऱ्या जर्मनीच्या युटा क्लाइनश्मिट यांनी बाजी मारली. मोटारींच्या गटात जिंकलेली ही पहिली महिला.

पण या थराराची किंमत केवळ हौशी चालकांनीच मोजली असे नाही. १९८८ च्याच शर्यतीत सहा जण दगावले, त्यांतले तिघे स्थानिक रहिवासी होते. मालीत रस्ता ओलांडणारी दहा वर्षांची मुलगी कोणत्याही बक्षिसासाठी धावत नव्हती. साबीनही याच वाटेवर गेला. १४ जानेवारी १९८६ रोजी मालीत त्याचे हेलिकॉप्टर कोसळले. सोबतचे चौघेही वाचले नाहीत. त्यांच्यातला गायक दानिएल बालाव्हुआन खेड्यांना पाण्याचे पंप मिळवून देण्याच्या कामासाठी आला होता. साबीनची रक्षा वाळवंटातल्या एका एकाकी झाडापाशी विखुरण्यात आली.

डिसेंबर २००७ मध्ये मॉरितानियात चार फ्रेंच पर्यटकांची हत्या झाली आणि २००८ ची शर्यत रद्द करावी लागली. २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदी अरेबियात भरू लागली. नाव मात्र डकारचेच! आपल्या मंडळींनी ती गाजवली ती या नव्या वाटांवर. बंगळूरच्या सी. एस. संतोष यांनी २०१५ मध्ये ती पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय. केरळचे हरिथ नोआ २०२४ मध्ये मोटारसायकलींच्या ‘रॅली २’ गटात पहिले आले.

आणि खुद्द डकार? शहराबाहेर रेत्बा नावाचे गुलाबी पाण्याचे सरोवर आहे. अनेक वर्षे शर्यतीचा शेवट त्याच्याच काठी होत असे. पाणी इतके खारट की मीठ काढणारे अंगाला शिया नावाच्या झाडाच्या बियांचे लोणी चोळूनच आत उतरतात. २०२२ च्या पावसाळ्यात पुराचे पाणी शिरून तो गुलाबी रंगही उतरला. गाड्यांचा धुरळा तर त्याआधीच, २००७ च्या जानेवारीत, शेवटचा उडाला होता.