हातांचा जिल्हा आणि रूप बदलणारी विमाने

वर्धा जिल्ह्यात येणारा प्रवासी बहुधा इतिहास पाहायला येतो. सेवाग्रामची बापूकुटी, पवनारला धाम नदीकाठचा विनोबांचा आश्रम, मगनवाडी अशी त्याची फेरी ठरलेली असते. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी या जिल्ह्यात वैद्यकीय व्यवसाय करतो आहे, आणि याच ठिकाणांकडे पाहण्याची माझी दृष्टी हळूहळू थोडी निराळी झाली आहे. मला हा जिल्हा हातांचा वाटतो. कापूस वेचणारे हात, सूत कातणारे हात, रुग्णाच्या जखमा धुणारे हात यांच्या खुणा येथे जागोजाग आहेत. या लेखात अशाच तीन जुन्या खुणांबरोबर एका अगदी नव्या आणि काहीशा अनपेक्षित खुणेकडे वाचकांना घेऊन जायचे आहे.

पहिली खूण वर्धा शहरातच आहे. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते १९३८ च्या डिसेंबरात झाले. ग्रामोद्योगांची अवजारे आणि नाना तऱ्हेचे चरखे येथे पाहावयास मिळतात. त्यांतील पेटी चरख्यापाशी ज्येष्ठांनी जरा अधिक वेळ थांबावे. येरवड्याच्या तुरुंगवासात, १९३० च्या सुमारास गांधीजींनी या चरख्यावर बरेच काम केले, म्हणून त्याला येरवडा चरखा असेही म्हणतात. मिटलेला असताना ती एक साधी लाकडी पेटी असते; काखेत धरून कोठेही नेता येते. झाकण उघडले की आत एक मोठे व एक लहान अशी दोन चाके आडवी बसवलेली दिसतात. चाती जागेवर बसवायची, माळ ओढून घ्यायची, की पेटीचा चरखा झाला. उजवा हात चाक फिरवतो, डावा हात पेळूतून धागा ओढतो. दोन्ही हातांची कामे वेगळी, पण ताल एकच. काम संपले की पुन्हा पेटी. एका वस्तूने हाताच्या चार हालचालींत दुसरे रूप घ्यावे, यातला आनंद लहानथोर सर्वांना सारखाच असतो.

दुसरी खूण सेवाग्रामची. शहरापासून जेमतेम आठ किलोमीटरवरच्या या गावी गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले. पुढच्याच वर्षी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत नई तालीमचा विचार मांडला गेला. हस्तकलेच्या द्वारे बुद्धीचे शिक्षण द्यावे, हे त्याचे सूत्र. आश्रमाच्या आवारात परचुरे कुटी आहे. कुष्ठरोगाने पीडित असलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री येथे राहिले आणि गांधीजींनी स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. जवळच दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ पासून कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम उभारले. कुष्ठरोगात नसा बाधित झाल्या की बोटे वाकतात, संवेदना हरपते. हात गमावणे म्हणजे काय आणि तो पुन्हा कामाला लावणे म्हणजे काय, हे या भूमीने फार जवळून पाहिले आहे. घरातील आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांनी परचुरे कुटीपाशी घटकाभर बसावे असे मी नेहमी सुचवितो. ती कुटी लहान आहे. तेथे घडलेले काम मात्र लहान नव्हते.

तिसरी खूण खेळण्यांची आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुले चाके लावलेले लाकडी नंदी सजवून मिरवतात, घरोघरी जातात आणि बोजारा मिळवतात. आपल्या जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा तर भव्य लाकडी नंदींसाठी ओळखला जातो. अनेक घरांत आजोबांचा नंदी नातवाकडे येतो. वर्षभर तो कापडात गुंडाळून जपायचा, सणाच्या आधी काढायचा, सैल झालेले चाक बसवायचे, शिंगांना रंग द्यायचा. खेळणे जपणे हा पोरखेळ आहे असे आपल्याकडे कोणी मानीत नाही. तो घराचा कुळाचार असतो. पुढील मजकूर वाचताना ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

आता चौथी खूण. वणा नदीकाठचे हिंगणघाट कापसाच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथील एका निवृत्त चित्रकला शिक्षकांच्या घरी माझे जाणे-येणे असते. त्यांच्या बैठकीत एक काचेचे कपाट आहे. त्यात देवादिकांच्या मूर्तींशेजारी नऊ लढाऊ विमाने ओळीने उभी आहेत. ती नोकरीनिमित्त पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाची. भाड्याच्या घरात जागा नाही, म्हणून संग्रह आईवडिलांकडे. ही जपानी ॲनिमे मालिकेतील विमाने असून हाताने सांधे फिरवले की त्यांचा यंत्रमानव होतो.

या विमानांची कुळकथा रंजक आहे. ‘मॅक्रॉस’ ही मालिका जपानमध्ये १९८२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. तिच्यातील ‘व्हीएफ-१ व्हाल्किरी’ हे विमान शोजी कावामोरी या तरुण आरेखकाने रचले. अमेरिकेच्या ‘एफ-१४ टॉमकॅट’ या खऱ्या विमानाची छाया त्यावर स्पष्ट दिसते; पंख तसेच मागे-पुढे सरकतात. त्याची रूपे तीन. पहिले विमानाचे. दुसऱ्यात इंजिनांचे दोन भाग खाली वळून पाय होतात आणि पोटाखाली दडलेले हात बाहेर येतात; पक्षी उतरावा तशी ही मधली अवस्था. तिसऱ्यात पुढचा भाग दुमडतो, डोके वर येते आणि उभा माणूस तयार होतो. ताकातोकू या जपानी कंपनीने त्याचे एकास पंचावन्न प्रमाणातील खेळणे काढले. ती कंपनी १९८४ मध्ये बुडाली. साचे बांदाईकडे गेले. तेच खेळणे पुढे अमेरिकेत हॅस्ब्रोच्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ मालेत ‘जेटफायर’ या नावाने १९८५ मध्ये विकले गेले. आज चाळिशी-पन्नाशीतले कितीतरी संग्राहक जगभर ही विमाने जपतात.

गांधी-विनोबांच्या जिल्ह्यात युद्धविमानांचे कौतुक कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. मग गुरुजींनीच मला कथानक सांगितले. त्या मालिकेत शत्रूला लढाईखेरीज काहीही ठाऊक नसते, संगीतही नाही. एका गायिकेच्या गाण्याने ते महाकाय सैनिक प्रथम भांबावतात, मग बदलतात, आणि युद्धाचे पारडे शस्त्रांपेक्षा गाण्याने फिरते. गुरुजींच्या मते ही कथा वर्ध्यात ऐकण्याजोगीच आहे.

गुरुजींना दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाला. डावा हात लुळा पडला. वेळेवर उपचार मिळाले, चालणे सुधारले, पण हात मांडीवर पडून राही. फिजिओथेरपिस्टने दिलेला रबरी चेंडू चार दिवस दाबून त्यांनी बाजूला ठेवला. “आयुष्यभर या हातांनी चित्रे काढली, आता चेंडू दाबत बसू का?” असे ते म्हणत. काकू दिवसभर त्यांच्यामागे असत. शर्टाची बटणे लावण्यापासून घास भरवण्यापर्यंत सगळे त्या करीत, आणि त्यामुळे डाव्या हाताला काम उरले नव्हते. घर शांत झाले होते, आणि ती शांतता बरी नव्हती.

एके दुपारी गुरुजींनी कपाटातील एक विमान मागितले. काकूंचा जीव खालीवर होऊ लागला. “पोराचा जीव आहे त्याच्यात, डॉक्टरसाहेब. महागाचं आहे, तुटून गेलं तर?” त्यांची भीती निराधार नव्हती. या खेळण्यांचे सांधे नाजूक असतात, सुटे भाग सहजी मिळत नाहीत. तरी विमान निघाले. प्रथम डावा तळवा फक्त आधाराला असे. पंख सरकवणे, पाय वळवणे उजव्या हाताकडे. काही आठवड्यांनी डाव्या अंगठ्याने इंजिनाचा भाग धरून ठेवता येऊ लागला. मग एके दिवशी खांद्याच्या बिजागरीला तडा गेला. काकूंनी रडतच मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, “आई, तुटलं तर तुटू दे. बाबांचा हात चालू दे.”

आज गुरुजी अर्ध्या तासात विमानाचा माणूस करतात. तरुणाला त्यासाठी पाच मिनिटे लागतात. डाव्या हाताने पेला अजून नीट धरता येत नाही, पण शर्टाची खालची दोन बटणे ते स्वतः लावतात. हा खेळण्याचा चमत्कार नव्हे. पक्षाघातानंतर अर्थपूर्ण कामाशी जोडलेला, पुनःपुन्हा केलेला सराव उपयोगी पडतो, हे पुनर्वसनशास्त्राचे मान्य तत्त्व आहे. चेंडूला शेवट नव्हता, विमानाला होता. पेटी चरखा, लाकडी नंदीचे चाक, वातींसाठी पिंजलेला कापूस, निवडायचे तांदूळ यांतले काहीही हेच काम करू शकते. ज्याचे मन ज्यात रमेल ते त्याचे औषध.

घरातील ज्येष्ठ कोणतेही हस्तकाम करीत असतील तर पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

टेबलाशी खुर्चीवर बसून, कोपर व मनगट टेकवून काम करावे. उजेड भरपूर असावा, जवळचा चष्मा लावलेला असावा. खाली परात ठेवून तीत जाड टॉवेल अंथरावा. सुटलेला बारीक भाग घरंगळत नाही, वस्तू पडली तरी फुटत नाही. एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटे पुरेत. सांधा फिरत नसेल तर जोर लावू नये. आधीची पायरी चुकलेली असते. हा नियम खेळण्याच्या सांध्याला लागू आहे, तसाच आपल्या बोटांच्या सांध्यालाही. आखडलेल्या बोटांना आधी कोमट पाण्यात शेक द्यावा. मात्र मधुमेहींना उष्णता नीट जाणवत नाही, म्हणून पाणी दुसऱ्या कोणी पाहून द्यावे.

सेवा करणाऱ्यांनी एक गोष्ट कधीही करू नये. लकवा झालेल्या बाजूचा हात ओढून रुग्णाला उठवू नये. खांदा निखळण्याचा धोका असतो. आणि जे काम रुग्णाला सावकाश का होईना जमते, ते घाईने आपण करून टाकू नये.

हात पुष्कळ आजार आधी सांगतो. नमस्कारासाठी तळवे जोडले असता बोटे एकमेकांना पुरती टेकत नसतील, तर दीर्घकालीन मधुमेहाने सांधे आखडले असण्याची शक्यता असते. रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होत असेल तर मनगटात नस दबलेली असू शकते. सकाळचा आखडलेपणा तासभर टिकत असेल, सांधे सुजत असतील, तर तो केवळ वयाचा दोष समजू नये. एक हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर मालीश वा घरगुती उपाय करीत बसू नये. तत्काळ १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी.

घरात नातवंडे असतील तर आणखी सावधगिरी हवी. बारीक भाग लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. दिवे लागणाऱ्या खेळण्यांतील चपटा बटण-सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी इजा करू शकतो. उलटी करवू नये. थेट रुग्णालय गाठावे. संग्रह माळ्यावर ठेवू नये. आपल्याकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. उन्हात पांढरे प्लास्टिक पिवळे पडते, पत्र्याखाली वाकते. आणि माळ्यावरची वस्तू काढायला स्टुलावर चढलेले ज्येष्ठ पडून खुब्याचे हाड मोडून घेतात. कंबरेच्या उंचीचे कपाट दोघांनाही सोयीचे.

संग्रह कोणताही असो, विमानांचा, नाण्यांचा वा जुन्या नंदींचा, त्याची एक वही करावी. कोणती वस्तू, कोणाकडून आली, पुढे कोणाला द्यायची, हे मालकाने स्वतः लिहावे. हिंगणघाटच्या कपाटात आता अशी वही आहे. तडा गेलेल्या विमानापुढे काकूंच्या अक्षरात लिहिले आहे : हे द्यायचे नाही, हे घरीच राहील.

ज्येष्ठांना घेऊन या वाटेने यायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी सेवाग्राम, ऊन चढण्यापूर्वी मगन संग्रहालय असा क्रम ठेवावा. कुट्यांबाहेर जोडे काढावे लागतात, तेव्हा मधुमेहींनी पायांत जाड मोजे असू द्यावेत. पाण्याची बाटली, दुपारच्या गोळ्या आणि टेकायला काठी बरोबर असावी. घाई करू नये. कोठे सूत कातून पाहण्याची संधी मिळाली, तर आजी-आजोबांना आधी बसवावे. धागा तुटला तर तुटू द्यावा.