वळण

मराठीत मुलांना 'वळण लावतात'. हा वाक्प्रचार मी वर्गात वर्षानुवर्षे वापरला. वॉशिंग्टनजवळच्या घरामागे, पसरट कुंडीत पाइनचे कोवळे रोप दगडाला बांधू लागलो, तेव्हा त्यातली सक्ती जाणवली.

जपानी बोन्साय-परंपरेत या शैलीला 'सेकीजोजू' म्हणतात. मुळे दगडाच्या खाचांत बसवून बांधायची, मातीने झाकायची. ती जाड होऊन दगडाला कवटाळू लागली की वरची माती हळूहळू काढायची. खोड तार गुंडाळून वाकवायचे. तार लवकर काढली तर खोड पुन्हा सरळ होऊ पाहते. उशीर झाला तर ती सालीत रुतते आणि व्रण राहतो. वळण लावणाऱ्याचे कौशल्य बांधण्यात थोडे, सोडण्याची वेळ ओळखण्यात अधिक.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातील बोन्साय संग्रहालयात १६२५पासून जोपासलेला एक श्वेत पाइन आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा तो स्फोटस्थळापासून सुमारे तीन किलोमीटरवर यामाकी कुटुंबाच्या घरी होता, तरीही वाचला. मासारु यामाकींनी १९७६मध्ये तो अमेरिकेला भेट दिला. हा इतिहास मात्र २००१मध्ये त्यांचे नातू तेथे आले तेव्हा उलगडला.

चार शतके हात बदलत गेले, झाड राहिले. त्याची संमती मात्र कुणीच घेतली नव्हती. 'वळण' हा शब्द उच्चारताना आता मी क्षणभर अडखळतो, आणि हे अडखळणे मला शिक्षकाच्या कामाचाच भाग वाटते.